दूरचित्रवाणीवरील समलिंगी व्यक्तींचे चित्रण

मालिका, विनोदी कार्यक्रम, चर्चा, वृत्ते, जाहिराती आणि दूरचित्रवाणीवरून दाखविले जाणारे चित्रपट यांतून समलिंगी स्त्रीपुरुषांची जी प्रतिमा प्रेक्षकांपुढे उभी राहते, तिचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीविषयी प्रेम व लैंगिक आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तींना समलिंगी किंवा समलैंगिक म्हणतात. अशा पुरुषांसाठी ‘गे’ व स्त्रियांसाठी ‘लेस्बियन’ हे शब्दही मराठीत रूढ झाले आहेत. तृतीयपंथी किंवा पारलिंगी व्यक्तींचा प्रश्न याहून वेगळा आहे. आपण पुरुष की स्त्री, या स्वतःविषयीच्या जाणिवेशी तो निगडित असतो, तर समलिंगी असणे हे आकर्षण कोणाविषयी वाटते यावरून ठरते. दूरचित्रवाणीने हे दोन प्रश्न वारंवार एकमेकांत मिसळले असून या क्षेत्रातील पुष्कळसे गैरसमज त्या सरमिसळीतून उद्‌भवले आहेत.

नाटक पाहण्यासाठी प्रेक्षक घराबाहेर पडतो. दूरचित्रवाणी मात्र घरात येते आणि आजीआजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांसमक्ष बोलते. त्यामुळे तिच्यावरील चित्रणाला किंवा त्याच्या अभावाला वेगळे वजन प्राप्त होते. समलिंगी व्यक्तीचा जन्म बहुधा समलिंगी कुटुंबात होत नाही. धर्म, जात वा भाषा यांनी अल्पसंख्य असलेल्या मुलाला आपल्यासारखी माणसे निदान घरात भेटतात. समलिंगी मुलाला वा मुलीला तीही भेटत नाहीत. आपल्यासारखे आणखी कोणी जगात आहे काय, या प्रश्नाचे पहिले उत्तर त्याला अनेकदा पुस्तकातून किंवा पडद्यावरूनच मिळते.

चित्रणाच्या अवस्था : अमेरिकन अभ्यासक सेड्रिक क्लार्क यांनी १९६९ मध्ये दूरचित्रवाणीवरील वांशिक अल्पसंख्याकांच्या चित्रणाच्या चार अवस्था सांगितल्या : अनुल्लेख, उपहास, नियमन आणि आदर. पहिल्या अवस्थेत तो समाजगट पडद्यावर नसतोच. दुसऱ्या अवस्थेत तो हसण्यापुरता येतो. तिसऱ्या अवस्थेत तो पोलीस वा रक्षक अशा व्यवस्थेला सोयीच्या भूमिकांत दिसतो. चौथ्या अवस्थेत त्याला इतरांसारखेच गुणदोष असलेले पूर्ण माणूसपण लाभते. पुढील अभ्यासकांनी ही विभागणी समलिंगी व्यक्तींच्या चित्रणालाही लावून पाहिली. जॉर्ज गर्बनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात मांडलेली ‘प्रतीकात्मक उच्छेद’ ही संकल्पनाही येथे उपयुक्त ठरते. एखाद्या गटाला कथाविश्वातून सातत्याने वगळल्यास प्रत्यक्षातील त्याचे अस्तित्वही नगण्य वाटू लागते, असा तिचा आशय आहे.

पाश्चात्त्य देशांतील वाटचाल या अवस्थांशी बऱ्याच अंशी जुळते. अमेरिकेत १९७३ मध्ये प्रक्षेपित झालेल्या ॲन अमेरिकन फॅमिली या वास्तव मालिकेत एका मध्यमवर्गीय कुटुंबातील समलिंगी मुलगा लॅन्स लाऊड हा कोणताही आडपडदा न ठेवता वावरताना दिसला. ३० एप्रिल १९९७ रोजी एलन या विनोदी मालिकेच्या नायिकेने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. ती भूमिका करणाऱ्या एलन डीजेनेरस यांनीही त्याच सुमारास स्वतःविषयी तेच सांगितले. ब्रिटनमध्ये ईस्टएंडर्स (१९८५ पासून) या दीर्घ मालिकेने समलिंगी पुरुषांना शेजारीपाजारी म्हणून कथेत स्थान दिले. भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, वाटचाल मात्र या क्रमाने झाली नाही.

पूर्वपीठिका : मराठी रंगभूमी व लोककला यांना स्त्रीवेष धारण करणारा पुरुष अपरिचित नव्हता. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) स्त्रीभूमिकांकडे महाराष्ट्राने सौंदर्याचा आदर्श म्हणून पाहिले. याच्या उलट टोकाला तमाशातील नाच्या हे पात्र होते. बायकी हावभाव करणारा हा पुरुष सर्वांच्या थट्टेचा विषय असे. मराठी तमाशापटांत ही भूमिका गणपत पाटील (१९२०–२००८) यांनी इतकी प्रभावीपणे वठविली की, त्या भूमिकेची छाया त्यांच्या कौटुंबिक जीवनावरही पडली. ते विवाहित व मुलाबाळांचे गृहस्थ असूनही प्रेक्षक त्यांना भूमिकेतील पात्रच समजत. या भूमिकेचा समलिंगी आकर्षणाशी वस्तुतः कोणताही अनिवार्य संबंध नाही. परंतु ‘बायकी तो तसला’ हे समीकरण तिच्यामुळे लोकांच्या मनात पक्के झाले. आनंद यादव यांच्या कादंबरीवर आधारलेल्या नटरंग (२०१०) या रवी जाधव दिग्दर्शित चित्रपटाने या समीकरणाची क्रूर बाजू उघड केली.

गंभीर मराठी साहित्याने या विषयाला तुलनेने लवकर हात घातला. विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांचे मित्राची गोष्ट हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा ऊर्फ मित्रा ही त्याची नायिका असून ती भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली. जब्बार पटेल यांच्या उंबरठा (१९८२) या चित्रपटात महिलाश्रमातील दोन स्त्रियांच्या परस्परसंबंधांचा प्रसंग येतो. सचिन कुंडलकर यांच्या कोबाल्ट ब्लू (२००६) या कादंबरीत घरी राहायला आलेल्या एकाच तरुणाच्या प्रेमात भाऊ व बहीण दोघेही पडतात. मध्यमवर्गीय मराठी घराच्या चार भिंतींत हा विषय आणणारी ही महत्त्वाची कलाकृती होय. चेतन दातार यांच्या एक माधवबाग या नाट्यकृतीत मुलाचे समलिंगी असणे समजून घेणाऱ्या आईचे मनोगत आले आहे. रंगभूमी व ग्रंथ यांनी केलेला हा प्रवास घरातल्या पडद्यापर्यंत मात्र फारसा पोहोचला नाही.

दूरदर्शनचा काळ : मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील सुमारे दोन दशके महाराष्ट्रातील दूरचित्रवाणी म्हणजे शासकीय दूरदर्शनच होते. कार्यक्रमांचा हेतू शिक्षण, माहिती व निकोप करमणूक असा सांगितला जाई आणि कुटुंब हाच प्रेक्षकवर्गाचा घटक मानला जाई. ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेली हम लोग ही हिंदी मालिका मेक्सिकोतील प्रबोधनपर मालिकांच्या धर्तीवर बेतलेली होती. पडद्यावरच्या कुटुंबाशी प्रेक्षकांचे नाते जुळले, की त्यांचे विचारही पालटतात, हे गृहीतक त्या धोरणामागे होते. कुटुंबनियोजन, हुंडा, मद्यपान व स्त्रीशिक्षण हे विषय अशा रीतीने घराघरांत पोहोचले. समलिंगी व्यक्तींचा विषय मात्र वर्ज्य राहिला. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ खाली समलिंगी संबंध हा गुन्हा ठरत असल्याने शासकीय माध्यमाचे मौन त्या काळी स्वाभाविकही वाटले. जुन्या चित्रपटांतील नाच्या घरच्या पडद्यावर येत राहिला. अनुल्लेख आणि उपहास या दोन अवस्था अशा प्रकारे महाराष्ट्रात एकमेकींपाठोपाठ न येता एकाच वेळी नांदल्या.

उपग्रह वाहिन्या व मालिका : १९९१ नंतर उपग्रह वाहिन्यांचा व केबलचा प्रसार झाला आणि विषयांची बंधने काही अंशी सैल झाली. याच सुमारास मुंबईत अशोक राव कवी (१९४७– ) यांनी १९९० मध्ये बॉम्बे दोस्त हे नियतकालिक सुरू केले; १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. समलिंगी व्यक्ती स्वतःच्या नावाने व चेहऱ्याने सार्वजनिक जीवनात बोलू लागल्याची ही चिन्हे होत. पडद्यावरील विरोधाची तीव्रताही याच दशकात दिसून आली. दीपा मेहता यांच्या फायर या चित्रपटात दोन जावांमधील प्रेमसंबंध दाखविला होता. त्यावरून डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईतील चित्रपटगृहांवर शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनी हल्ले केले. त्यानंतर २००५-०६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या संदर्भात केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेले चित्रपट केबलवरून दाखविण्यास मनाई केली. त्या आदेशाचा हेतू लहान मुलांचे संरक्षण हा होता. परंतु समलिंगी संबंधांवरील चित्रपटांना बहुधा ‘प्रौढांसाठी’ असेच प्रमाणपत्र मिळत असल्यामुळे असे चित्रपट घरच्या पडद्यापासून दूर राहिले.

मालिकांमध्ये समलिंगी पुरुष प्रथम आला तो बहुधा वेशभूषाकार वा केशभूषाकार या ठराविक साच्यात. हिंदीतील मर्यादा : लेकिन कब तक (स्टार प्लस, २०१०) या मालिकेने वेगळी वाट धरली. प्रतिष्ठेला जपणाऱ्या एका उत्तर भारतीय घरातील विवाहित मुलगा समलिंगी असल्याचे दाखवून, सक्तीच्या विवाहाने तो आणि त्याची पत्नी या दोघांचीही कशी हानी होते, हे तिने मांडले. मराठी वाहिन्यांवर मात्र समलिंगी पात्र मध्यवर्ती असलेल्या मालिका क्वचितच आढळतात. माझे पती सौभाग्यवती (झी मराठी, २०१५) या मालिकेचा नायक काम मिळविण्यासाठी स्त्रीवेष घेतो. चला हवा येऊ द्या (२०१४ पासून) या विनोदी कार्यक्रमातील पुरुष कलावंतांनी रंगविलेली स्त्रीपात्रे अतिशय लोकप्रिय झाली. अशा भूमिका मराठी रंगपरंपरेला धरून असून त्या स्वभावतः कोणाची अवहेलना करणाऱ्या नाहीत. मात्र गंभीर चित्रणाचा अभाव असला, की बायकी पुरुषावरचे हसू हेच समलिंगी व्यक्तीविषयीचे एकमेव ज्ञान होऊन बसते. तृतीयपंथी व्यक्तींच्या बाबतीत कारभारी लयभारी (झी मराठी, २०२०-२१) या मालिकेने एक पाऊल पुढे टाकले. तीत तृतीयपंथी पात्राची भूमिका गंगा या तृतीयपंथी कलावतीनेच केली.

वृत्तवाहिन्या आणि खाजगी जीवन : क्लार्क यांच्या वर्गीकरणात न बसणारी एक अवस्था भारतीय दूरचित्रवाणीने निर्माण केली. ती म्हणजे चोरून चित्रण करून एखाद्याला उघडे पाडण्याची. तिचे सर्वांत दुःखद उदाहरण एका मराठी प्राध्यापकाचे आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात ते मराठी शिकवीत व विभागप्रमुखही होते. त्यांच्या पायाखालची हिरवळ या काव्यसंग्रहाला २००२ मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. ८ फेब्रुवारी २०१० रोजी स्थानिक दूरचित्रवाणी वाहिनीची माणसे विद्यापीठाच्या आवारातील त्यांच्या निवासस्थानात शिरली आणि त्यांनी एका पुरुषासमवेत असलेल्या सिरस यांचे चित्रीकरण केले. विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरस यांनाच निलंबित केले व त्यांना निवासस्थान सोडावे लागले. सिरस यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाद मागितली. १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली; परंतु ७ एप्रिल रोजी, म्हणजे अवघ्या सहा दिवसांनी, भाड्याच्या घरात ते मृतावस्थेत आढळले.

या प्रकरणातील कायद्याची बाजू लक्षणीय आहे. त्यापूर्वी सात महिने, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढ व्यक्तींचे परस्परसंमतीने व खाजगीत घडणारे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले होते. उघड गुन्हा झाला असेल, तर तो परवानगीवाचून घरात शिरणाऱ्यांकडून. शिक्षा मात्र घरात असणाऱ्याला भोगावी लागली. भाषा शिकविण्यात व कविता लिहिण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांची देशाला झालेली ओळख अशा चोरट्या चित्रीकरणातून झाली. हंसल मेहता यांचा अलीगढ हा हिंदी चित्रपट (भारतात प्रदर्शित २०१६) या घटनेवर आधारलेला असून सिरस यांची भूमिका मनोज बाजपेयी यांनी केली आहे. चित्रपटाने त्यांना पुन्हा कवी व शिक्षक म्हणून उभे केले. तथापि त्याच्या पूर्वदर्शनपटालाही (ट्रेलर) ‘प्रौढांसाठी’ हे प्रमाणपत्र मिळाल्याने दूरचित्रवाणीवर तो दाखविण्यात अडथळा आला. एका घरात परवानगीशिवाय शिरलेल्या माध्यमाची दारे त्या घरातील माणसाच्या गोष्टीला अशा रीतीने बंद राहिली.

सिरस यांच्या मृत्यूनंतरही हा प्रकार थांबला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये हैदराबाद येथील टीव्ही ९ या वाहिनीने शहरातील समलिंगी पुरुषांचे छुपे चित्रीकरण व दूरध्वनीवरील संभाषणे प्रक्षेपित केली. वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमनासाठी स्थापन झालेल्या मानक प्राधिकरणाने मार्च २०११ मध्ये या वाहिनीला एक लाख रुपये दंड केला व पडद्यावरून क्षमायाचना करण्याचा आदेश दिला. व्यक्तीची लैंगिकता ही तिची खाजगी बाब असून, सार्वजनिक हिताचा संबंध नसताना ती उघड करणे हा पत्रकारितेचा भाग नव्हे, हे तत्त्व या निर्णयाने दृढ झाले.

स्वतःच्या आवाजात : छुप्या चित्रीकरणाच्या अगदी विरुद्ध टोकाला समलिंगी व्यक्तींनी आपल्या इच्छेने कॅमेऱ्यासमोर येऊन केलेले कथन आहे. आमिर खान यांच्या सत्यमेव जयते या कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वातील एक भाग (१९ ऑक्टोबर २०१४) या विषयाला वाहिलेला होता. समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींबरोबर त्यांचे आईवडीलही त्यात बोलले. रविवारी कुटुंबाने एकत्र पाहावयाच्या कार्यक्रमात आईवडील आपल्या अपत्याविषयी निःसंकोचपणे बोलत आहेत, ही गोष्ट भारतीय दूरचित्रवाणीवर नवी होती. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल फिरविल्यामुळे समलिंगी संबंध त्या वेळी पुन्हा गुन्हा ठरले होते, हे ध्यानात घेता या भागाचे महत्त्व अधिकच जाणवते. महाराष्ट्रात पुण्याच्या समपथिक ट्रस्टचे (स्थापना २००२) संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी मराठीतून लेखन व प्रबोधन करून या विषयाला सुसंस्कृत मराठी परिभाषा मिळवून देण्याचे काम केले. सभ्य शब्दांच्या अभावी मराठीत हा विषय एक तर शिवीच्या किंवा वैद्यकाच्या भाषेत अडकून पडला होता.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीने होणारे प्रौढांचे समलिंगी संबंध अंतिमतः गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. समलिंगी विवाहाच्या मागणीवरील सुनावणी १८ एप्रिल २०२३ पासून घटनापीठापुढे झाली व तिचे थेट प्रक्षेपण करण्यात आले. अशा विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने नकार दिला; तरीही समलिंगी नागरिकांच्या संसाराचा प्रश्न कायद्याच्या गंभीर भाषेत दिवसेंदिवस चर्चिला जाताना देशाने प्रथमच पाहिला.

प्रेक्षक आणि घर : डोनल्ड हॉर्टन व रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे पडद्यावरील व्यक्तींशी प्रेक्षकांचे एकतर्फी, पण परिचयासारखे नाते जडते. एडवर्ड शियाप्पा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये यावर आधारित असे मांडले, की प्रत्यक्ष सहवास नसला, तरी पडद्यावरील चांगल्या परिचयानेही समलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी होऊ शकतो. महाराष्ट्रातील घरांच्या संदर्भात हा विचार महत्त्वाचा आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील गुलमंडीसारख्या जुन्या बाजारपेठेत खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि माजघरात सर्वांचा मिळून एक दूरचित्रवाणी संच, अशी राहणी दीर्घकाळ होती. अशा घरात कोणता कार्यक्रम पाहिला जातो, याइतकेच तो पाहताना कोण काय बोलते हेही महत्त्वाचे असते. बायकी पात्रावर वडील कसे हसले, दोन स्त्रियांच्या प्रेमाचा उल्लेख येताच आईने वाहिनी बदलली की नाही, यावरून घरातील समलिंगी मुलगा वा मुलगी आपल्या भवितव्याचा अंदाज बांधते. आपले गुपित सांगावे की झाकावे, याचा निर्णय अनेकदा अशा एखाद्या संध्याकाळी मनाशी होऊन जातो. म्हणून विनोदी प्रवेशाचा किंवा वृत्ताचा परिणाम ज्यांच्यावर सर्वाधिक होतो, तो प्रेक्षक बहुधा निमूटपणे बसलेला असतो व त्याची गणना कोणत्याही लोकप्रियतेच्या मोजणीत होत नाही.

भ्रमणध्वनी व आंतरजालावरील मंचांनी पाहण्याची ही सामुदायिक रीत बदलली. मेड इन हेवन (२०१९) यासारख्या मालिकांत समलिंगी नायक त्याच्या व्यवसायासह, चुकांसह व नातेसंबंधांसह उभा राहिला. कोबाल्ट ब्लू वरील चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. मात्र पुण्याच्या मराठी घरातील ही कथा पडद्यावर येताना कोचीत गेली व मराठीपासून दुरावली. एकट्याने पाहावयाच्या पडद्यामुळे समलिंगी तरुणांना आपल्यासारखी माणसे सहज भेटू लागली, हा मोठाच लाभ होय. परंतु घरातील इतरांना ती भेटत नाहीत. एकाच घरात मुलाच्या हातातील पडद्यावर एक जग आणि माजघरातील पडद्यावर दुसरे, अशी विभागणी त्यामुळे झाली आहे.

मूल्यमापन : मराठी भाषेत या विषयावरील परिपक्व निर्मितीची क्षमता नाही, असे म्हणता येत नाही. तेंडुलकरांच्या कथेवर आधारित मित्रा या रवी जाधव यांच्या लघुपटाला २०१४ या वर्षासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. रोहन कानवडे यांच्या साबर बोंडं या चित्रपटाने २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळविले. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी गेलेला मुंबईतील तरुण आणि त्याचा बालपणीचा मित्र यांच्या नात्याची ही कथा आहे. दहावा, सोयरीक, भाऊबंद व शेती अशा सर्वसामान्य मराठी जीवनाच्या चौकटीतच ती घडते व मुलाला ओळखून असलेली त्याची आई तिच्यात आहे. दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकेचे द्रव्यही नेमके हेच असते. सण, लग्न, रुसवेफुगवे व समजूत यांवर चालणाऱ्या मालिकांना समलिंगी मुलगा, बहीण वा आत्या ही पात्रे परकी ठरण्याचे कलात्मक कारण दिसत नाही. अडचण आहे ती प्रेक्षक दुरावण्याच्या भीतीची व जाहिरातदारांच्या संकोचाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन स्त्रियांनी मिळून करवा चौथ साजरा करण्याची जाहिरात विरोधामुळे मागे घेण्यात आली, यावरून या भीतीला आधार नाही असेही नाही.

समलिंगी व्यक्तींचे दूरचित्रवाणीवरील चित्रण चांगले की वाईट, हे केवळ पात्रांच्या संख्येवरून ठरत नाही. कॅमेरा कोणाच्या संमतीने रोखला आहे, बोलणारा स्वतःविषयी बोलतो आहे की त्याच्याविषयी इतर बोलत आहेत, आणि हसू कोणाबरोबर आहे की कोणावर, या तीन कसोट्या त्यासाठी लावाव्या लागतात. सिरस प्रकरणात पहिल्या दोन कसोट्यांचा भंग झाला, तर विनोदी कार्यक्रमांत अनेकदा तिसरीचा होतो. या तिन्हींना उतरणारी, मराठी घरात सर्वांनी मिळून पाहावी अशी दीर्घ मालिका निर्माण होणे, हा या माध्यमाच्या प्रौढतेचा पुढचा टप्पा ठरेल.